गाणं शुक्रवारी, पैसे सवडीने

पबमध्ये बँड वाजवायला गेलं की मॅनेजरचा पहिला प्रश्न संगीताबद्दल नसतो. तुम्ही काय वाजवता, कसं वाजवता, सुरात वाजवता का, यातलं काहीही तो विचारत नाही. तो विचारतो, "तुमचे किती येतील?" साखरपुड्याच्या बैठकीत वरपक्षाला विचारावं तसं. आम्ही छाती पुढे काढून म्हणतो, "पन्नास तरी." तो वहीत वीस लिहितो. प्रत्यक्षात येतात ते गायकाच्या ऑफिसातले चारजण, ड्रमरची मैत्रीण, तिच्यावर लक्ष ठेवायला आलेला तिचा भाऊ आणि माझी आत्या.

आत्या आणि काका कार्यक्रमाला येतात ते निव्वळ मायेपोटी. स्टेजच्या अगदी समोरचं, सहाजणांचं टेबल अडवतात. मेनूकार्ड उजवीकडून, म्हणजे किमतींच्या बाजूने वाचायला घेतात. बराच वेळ वाचल्यावर काका वेटरला सांगतात, "एक फ्रेश लाइम सोडा. वन बाय टू." रात्रभर तेवढंच. मध्यंतरात मॅनेजर मला बाजूला घेऊन हळूच म्हणतो, "सर, तुमचा क्राउड फार ड्राय आहे."

आमचा पाचजणांचा बँड. गायक विमा विकतो, गिटारवाला सॉफ्टवेअरमध्ये, कीबोर्डवाला डोंबिवलीच्या एका शाळेत गणित शिकवतो, ड्रमर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मी बँकेत. माझं वाद्य बेस गिटार. हे वाद्य चालू असताना कुणाला ऐकू येत नाही, बंद पडलं तर मात्र "आज एसी बंद आहे का?" असं लोक विचारतात. आत्याने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तारा मोजल्या आणि हळहळली, "चारच? दोन तुटल्या वाटतं. आधी दुरुस्त करून घ्यायची की रे." अजूनही दर दिवाळीला ती त्या दोन तारांची चौकशी करते.

आता मुंबईचे बरेचसे पब आहेत लोअर परळला आणि बँडवाले राहतात डोंबिवली, बदलापूर, विरार या दिशांना. पबच्या आसपास भाड्याने राहणं परवडावं एवढं पब देत नाहीत. टेम्पो केला तर मानधन टेम्पोवाल्याला जातं आणि आपण हौशी ठरतो. म्हणून सामान लोकलच्या मालडब्यातून. एकदा कोथिंबिरीच्या गोणीशेजारी आमचा बेस ड्रम ठेवला होता. गोणीवाल्या मावशीने त्याच्यावर बोटाने टकटक केलं.

"ह्यात काय हाय रं? टाकी?"

"ड्रम आहे, मावशी."

"पाण्याचा?"

"वाजवायचा."

"मग रिकामा कशापाई नेतो? ह्यात दोन गोणी कोथमीर बसंल."

ड्रमर आजतागायत त्या हिशेबातून सावरलेला नाही. कोथिंबीर भरून नेली असती तर त्या दिवशी निदान फायदा झाला असता.

ज्या गिरण्यांच्या आवारांत आता हे पब आहेत, त्यातल्याच एकीत माझे आजोबा साच्यावर होते. १९८२ च्या संपानंतर ते सुटलं. पण त्यांच्या खात्यातला खडखडाट आमच्या ड्रमरच्या दसपट असणार. तरी त्यांना येऊन कुणी "जरा हळू करा ना, तिकडे क्लायंट बसलेत" असं म्हटलं नाही, आणि पगार ठरल्या तारखेला व्हायचा. आता त्याच आवारात नातू रात्रपाळीला जातो, तेव्हा गेटवरचा वॉचमन विचारतो, "आर्टिस्ट?" होय म्हटलं की हात हलवतो, "मागनं."

मागनं म्हणजे स्वयंपाकघरातून. पुढची काचेची लिफ्ट ग्राहकांची. आमची वेगळी, तिच्यात आमच्याबरोबर कांद्याची पोती, बर्फाच्या लाद्या आणि एक झोपलेला माणूस. वर आलं की ओल्या फरशीवरून, तंदूरच्या कडेने, "बाजू बाजू" ओरडत स्टेजकडे जायचं. माझ्या गिटारच्या बॅगेला कायमचा तंदुरीचा वास लागलाय. घरी आणून ठेवली की शेजारचं मांजर तिच्याजवळ भक्तिभावाने येऊन बसतं. या वाद्याचा एवढा निष्ठावंत चाहता दुसरा नाही.

स्टेज म्हणजे पबमधली अशी जागा, जिथे टेबल मावत नाही. एखादा खांब, अग्निशमनाची लाल बादली, मागे स्वच्छतागृहाचं दार. गायक आणि गिटारवाला यांच्यामधून त्या दाराची वाट जाते. लोक रात्रभर "एक्सक्यूज मी" म्हणत गाण्याच्या मधून जातात आणि परत येताना, आता ओळख झालीच आहे अशा भावनेने, गायकाच्या खांद्यावर ओला हात ठेवतात. फरशी गुळगुळीत असते. ड्रमरने पायाचा ठोका दिला की बेस ड्रम बोटभर पुढे सरकतो. तीन गाण्यांत तो गायकाच्या पोटऱ्यांना लागतो, पाचव्या गाण्यात पहिल्या टेबलावर पोचतो. त्यावर उपाय म्हणून आम्ही आजीची सतरंजी नेतो आणि ड्रमच्या पुढ्यात एक वीट ठेवतो. लाखभराच्या ड्रमसेटला शेवटी वीटच धरून ठेवते. सिक्युरिटीवाला बॅग तपासताना ती वीट बाहेर काढतो, आमच्याकडे बघतो, आणि मग सुपरवायझरला बोलावतो.

हे सगळं झालं की वीज. पबमध्ये स्टेजच्या वाट्याला एकच प्लग पॉइंट येतो आणि त्यात फिशटँकची पिन असते. "ती काढू नका, मासे मालकांचे आहेत." मग एक्स्टेंशन बोर्डाला एक्स्टेंशन बोर्ड जोडत, मॉकटेल बनवायच्या मिक्सरशेजारून वायर आणायची. दर वेळी कुणी वॉटरमेलन कूलर मागवला की माझ्या स्पीकरमधून कलिंगड ओरडतं.

अर्थिंग हा तर स्वतंत्र अध्याय आहे. गिटारचा ॲम्प एका लाइनवर, माइकचा मिक्सर दुसऱ्या लाइनवर, दोन्हींचं अर्थिंग वेगळं. गायक गिटारही वाजवत असेल तर त्याची बोटं तारांवर असतात आणि ओठ माइकच्या जाळीला. ओठ टेकले रे टेकले की दोन्ही लाइनींचा आपापसातला हिशेब त्याच्या शरीरातून पुरा होतो. आमच्या गायकाने एकदा अत्यंत हळुवार ओळीवर "हाः!" असा काही सूर लावला की दोन टेबलांनी टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, जागा जमली. पुढच्या अंतऱ्याला त्याने ती पुन्हा घेतली, म्हणजे विजेने पुन्हा घेतली. आम्ही पबच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने टेस्टर लावला, टेस्टर पेटला, त्याचाही चेहरा उजळला. "बरोबर आहे की. लाइट आहे ना." शेवटी साउंडवाल्याने माइकवर स्पंजची टोपी चढवली. त्या टोपीत आजवर किती गायक गायलेत कुणास ठाऊक, पण वासावरून निम्मे तरी ओळखू येतील. विजेचा झटका बरा की हा, यावर गायकाचं मत अजून बनलेलं नाही.

मग घरघर. बारमागचा बाटल्यांचा फ्रीज, डिमरवाले दिवे आणि गुलाबी निऑनची पाटी यांचा मिळून एक अखंड 'हंऽऽ' आमच्या स्पीकरमधून येत राहतो. गाणं थांबलं तरी तो थांबत नाही. गणितवाल्या कीबोर्डवाल्याने कान लावला आणि फळ्यासमोर उभा असल्यासारखा सांगू लागला, "आपली वीज ५० हर्ट्झची. कीबोर्डवरचा खालचा 'जी' साधारण ४९ चा. म्हणजे हा फ्रीज 'जी'मध्येच आहे, फक्त जरा चढा." फ्रीजला कोण खाली उतरवणार? तेव्हा गिटारवाल्याने आपल्या तारा वर ओढल्या, मी माझ्या ओढल्या, कीबोर्डचं बटण फिरवलं, आणि सगळा बँड बाटल्यांच्या फ्रीजला लावून घेतला. उगाच नाही सांगत, त्या रात्रीइतके सुरेल आम्ही कधी वाजलो नाही. तंबोऱ्याची काय किंमत असते ते तेव्हा कळलं. मधेच वेटरने साफसफाईसाठी फ्रीजचं बटण बंद केलं आणि आम्ही पाचहीजण एकदम पोरके झालो.

गच्चीवरचा पब असेल तर या सगळ्याच्या वर कायदा. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम सांगतात की उघड्यावर लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद. ठीक आहे, लोकांना झोपायचं असतं. पण पबचं वेळापत्रक असं, की बँडची वेळ नऊची, साउंडवाला येतो साडेनऊला आणि ग्राहक यायला लागतात दहाच्या सुमाराला. म्हणजे जो काही कार्यक्रम होतो तो वेटर आणि आत्या यांच्यासमोर होतो. दहाला पाच कमी असताना पहिलं जोडपं आत येतं, "वा, लाइव्ह म्युझिक!" म्हणतं, आणि मॅनेजर आमची वायर काढतो.

एका मॅनेजरने फोनवर आवाज मोजायचं ॲप घेतलं होतं. व्यापारी भागात दिवसा ६५ डेसिबल, रात्री ५५, हे त्याला पाठ. तो फोन पुढे धरून ड्रमरला म्हणाला, "पंचावन्नात बसवता येईल का?" ड्रमचा एक चांगला ठोका माइकशिवायसुद्धा सहज शंभरापुढे जातो. ड्रमर म्हणाला, "सर, मी सुरुवातच केलेली नाही." फोनवर ७२ आकडा दिसत होता. खाली सिग्नल सुटला होता. मॅनेजर कठड्यापाशी गेला, खालच्या रस्त्याकडे नाराजीने पाहिलं, परत आला आणि म्हणाला, "ते जाऊ दे. तुम्ही कमी करा." सरकार सणासुदीला वर्षातले १५ दिवस बारापर्यंत मुभा देऊ शकतं; पण त्या दिवसांत आम्हाला कोण बोलावणार? खाली रस्त्यावर त्याहून मोठा कार्यक्रम फुकट चालू असतो.

त्याच ड्रमरची आणखी एक पंचाईत. तो बावीसचा. महाराष्ट्रात बिअरला २१ लागतात आणि कडक दारूला २५. शिवाय प्यायचा परवाना हवा, तो एक दिवसाचा पाच रुपयांना मिळतो. बँडला 'प्रत्येकी दोन ड्रिंक' असा करार असतो. गायक आणि गिटारवाला आधीच ठरवून टाकतात की पोराच्या वाट्याचं आपण कायद्याच्या आदरापोटी संपवू.

या धंद्यातला सगळ्यात सुखाचा प्रसंग मात्र आयपीएलच्या दिवसांतला. आम्ही सुरुवात केली आणि पाहतो तर काय, सगळा पब आमच्याकडे तोंड करून बसलेला. एकही माणूस फोनमध्ये नाही. काहींचे हात जोडलेले, काहींच्या तोंडातला घास तसाच. गायकाचा कंठ दाटून आला. त्याने डोळे मिटून वरचा सूर लावला आणि लोक उभे राहून ओरडले. मी जरा मागे वळून पाहिलं. आमच्या डोक्यांवर हातभर उंच मोठा पडदा होता आणि त्यावर षटकार गेला होता. मी गायकाला सांगितलं नाही. माणसाच्या आयुष्यात असे क्षण किती येतात! पुढे एक विकेट पडली तेव्हा त्याची हळवी ओळ चालू होती आणि सबंध पब कळवळून "अरेरेरे" म्हणाला. तो मला आजही सांगतो, "त्या ऑडियन्सला काव्याची जाण होती."

सामना नसला की फर्माइशी. टिश्यूवर लिहून येतात, खाली सॉसचा ठिपका. 'हॉटेल कॅलिफोर्निया' ही सर्वांत जुनी व्याधी. १९७६ च्या अल्बममधलं हे गाणं साडेसहा मिनिटांचं, आणि त्याच्या शेवटी दोन गिटारवाले एकमेकांशी बराच वेळ बोलत राहतात. आमच्याकडे गिटारवाला एक. तो दोघांचंही बोलतो, स्वतःच प्रश्न विचारतो, स्वतःच उत्तर देतो, आणि ते संपेपर्यंत फर्माइश करणारा बिल देऊन गेलेला असतो. आम्ही स्वतः रचलेली गाणीही आहेत. ती घरच्यांनी ऐकली आहेत. मॅनेजरपाशी विषय काढला की तो फार समजूतदारपणे म्हणतो, "ओरिजिनल नको सर. लोकांना माहीत असलेलंच काहीतरी नवीन वाजवा." मराठी वाजवू का, विचारलं की चेहरा पाडतो, मात्र साडेबाराला 'झिंगाट' नाही वाजवलं तर हाच माणूस स्टेजवर चढून स्वतः म्हणेल, अशी लक्षणं दिसू लागतात. दर शुक्रवारी एक गृहस्थ असतोच, जो कॉलेजात गायचा. त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही. तो कुठेही असू शकतो, कदाचित हे वाचतही असेल.

आणि बरोबर बाराला केक. वेटर फुलबाजी लावलेला केक नाचवत आणतो आणि मॅनेजर गाण्याच्या मध्यात बोटाने खूण करतो: 'हॅपी बर्थडे'. या गाण्यावर अमेरिकेत २०१५ पर्यंत एक संगीत कंपनी हक्क सांगत होती. मग कोर्टाने तो फेटाळला. आमच्यापुरता तो निकाल निरुपयोगी ठरला, कारण आमच्याकडून हे गाणं कुणालाही ओळखू येऊ नये अशा सुरात वाजतं. गायकाने पकडलेली पट्टी एक, टेबलावरच्या मंडळींची दुसरी, फ्रीजची तिसरी. तरी रात्रभरातल्या सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच. आम्ही महिनाभर तालीम करतो ती इतर गाण्यांची.

कार्यक्रम संपतो दीडला. शेवटची लोकल गेलेली, पहिली पहाटे चारच्या सुमाराला. मधला वेळ आम्ही करी रोडच्या पुलाखाली ड्रमवर बसून काढतो आणि हिशेब करतो. हिशेब सोपा असतो, कारण पैसे आलेले नसतात. पैसे 'अकाउंट्स'कडून येतात आणि अकाउंट्स नावाचा माणूस शुक्रवारी नसतो. सोमवारी तो म्हणतो, बिल पाठवा. बिल पाठवलं की म्हणतो, बँडच्या नावाचं पॅनकार्ड पाठवा. बँडला पॅनकार्ड नसतं, बँडला कधी कधी नावही नसतं. पबच्या दारातल्या काळ्या फळ्यावर खडूने नुसतं 'लाइव्ह बँड' लिहिलेलं असतं आणि खाली दुप्पट मोठ्या अक्षरांत 'चिकन विंग्ज एकावर एक फ्री'. मग पैसे गायकाच्या खात्यावर येतात, दहा टक्के टीडीएस कापून, शिवाय 'फूड' या नावाखाली आणखी काही वजा होऊन. फूड म्हणजे स्टाफसाठीचा डाळभात, जो आम्ही वेटरांबरोबर उभ्याने खाल्ला होता. तेवढा मात्र खरंच चांगला होता.

असं असूनही परवा एका मॅनेजरचा फोन आला. "या शुक्रवारी 'अनप्लग्ड' करू या का? आवाज कमी, वायरी कमी." आणि पैसे कमी, हे त्याने म्हटलं नाही. ड्रमसेट नको म्हणाला. म्हणून ड्रमरने कहोन आणलं. ही एक लाकडी पेटी असते, तिच्यावरच बसायचं आणि पायांच्या मधून हाताने वाजवायचं. लोकलमध्ये न्यायला सोपी, वीट लागत नाही, अर्थिंगचा प्रश्न नाही. ड्रमर खूश होता. पेटी स्टेजवर ठेवून तो हात धुवायला गेला. परत आला तर पेटी नाही.

ती सहा नंबरच्या टेबलाशी होती. खुर्ची कमी पडली म्हणून वेटरने नेली होती आणि तिच्यावर एक भरदार गृहस्थ बसून पापलेट खात होते. ड्रमर नम्रपणे म्हणाला, "काका, जरा उठता का? मला त्याच्यावर वाजवायचंय."

"मग मी कशावर बसू?"

प्रश्न बिनतोड होता. मॅनेजरला बोलावलं. त्याने पेटीकडे पाहिलं, पापलेटकडे पाहिलं, बिलाकडे पाहिलं आणि निर्णय दिला, "बसू द्या साहेबांना." मग स्वयंपाकघरातून पाण्याचा वीस लिटरचा रिकामा जार आणला. ड्रमर तो मांडीत घेऊन रात्रभर वाजवत राहिला. गृहस्थांनी मधूनमधून बसल्या बसल्या पेटीवर ठेका धरला आणि खरं सांगायचं तर दोघांचं बरं जमलं. निघताना मॅनेजर दारापर्यंत आला, तोही पुढच्या दारापर्यंत.

"मस्त झालं. पुढच्या वेळी हाच जार ठेवू. ते साहेबही दर शुक्रवारी येतात, त्यांनाही घ्या. ते पैसे मागणार नाहीत."